अक्कासाठी शेंगदाण्याचं लोणी

अक्का वाळत चालली होती आणि घरात प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. आई म्हणायची दृष्ट लागली, कारण स्थळ चांगलं मिळालं होतं आणि गल्लीतल्या बायकांच्या पोटात दुखत होतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे की पोरगी शिवणाच्या मशिनीला फार चिकटून बसते. शेजारच्या पुट्टम्मा कन्नडमधून समजावायच्या की लग्न ठरलेल्या पोरी अशाच होतात, सासरची काळजी आतून खाते, पहिल्या बाळंतपणात सगळं भरून निघतं. मी अक्काहून बरीच धाकटी, हायस्कुलात जाणारी, आणि जंतांचा धडा नुकताच वाचून झालेला, त्यामुळे माझं निदान जंत. मी ते जेवतानाच जाहीर केलं आणि आईच्या हातचा एक धपाटा खाल्ला. अक्का हसली. हसली की तिचे गाल आत जायचे, पूर्वी तिथं खळी पडायची.

आम्ही चामराजपेटेत राहायचो. एका अंगणाभोवती ओळीनं लागलेली घरं, मधे नळ, नळाशी भांडण. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची इतकी सरमिसळ की कुठलं कुठं संपतं ते आम्हालाच कळत नसे. शहाजीराजांच्या बरोबर आमचे कोणी पूर्वज इकडे आले म्हणतात. मी काही पाहायला गेले नव्हते. पुण्याकडची माणसं आमचं मराठी ऐकून हसतात, हसू देत. अण्णा चिकपेटेत कापडाच्या दुकानात होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला रंगीत दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे आणि अक्का ते एकेक वेचून काढायची. ते मान ताठ करून उभे राहायचे, लहान मुलानं न्हाव्यापुढं बसावं तसे. आमच्या घरातली माया ही अशी असायची. तोंडानं कोणी काही म्हणत नसे.

स्थळ तुमकूरचं होतं. मुलगा शाळामास्तर, घरचं नारळाचं बन. बघायला आलेल्या मंडळींत मुलाची आत्या होती, तिनं अक्काचा हात हातात घेतला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवून बघितल्या. त्या आरामात सरकल्या. "मुलगी पसंत आहे हो," ती म्हणाली, "पण स्वल्प भरू द्या की तिला. लग्न वैशाखात करू." म्हणजे नकार नव्हता, पण होकारही पुरता नव्हता. दिवाळी नुकतीच झाली होती. पाहुणे गेल्यावर आई स्वयंपाकघरात पदर खोचून अशी उभी राहिली की जणू वैशाख दारातच येऊन बसलाय. "भरू द्या म्हणे! बघाच आता कशी भरते," ती म्हणाली.

पण भरायचं कशानं? अक्काला दुधाचा वास सोसत नसे. तुपाची धार भातावर पडली की ती तेवढा भात ताटाच्या कडेला सारायची. भूक मात्र राक्षसाची. तांदळाच्या तीन-तीन भाकऱ्या, वर भात, वर सारभात, आणि तासाभरानं पुन्हा डब्यांचा आवाज. आई म्हणायची, "खातेस ते जातं कुठं गं बाई?" उपाय सापडला तो योगायोगानं. कँटोन्मेंटमधल्या एका बाईंचे ब्लाउज अक्का शिवायची. त्या बाईंनी शिलाईबरोबर एक परदेशी डबा दिला. आत तपकिरी, चिकट, शेंगदाण्याच्या वासाचं काहीतरी होतं. अक्कानं बोट घातलं, चाटलं, आणि डोळे मिटले. डबा तिनं एकटीनं संपवला. आईनं रिकाम्या डब्यात नाक खुपसून वास घेतला, बोटानं कड पुसून चाखली आणि म्हणाली, "यात काय मोठंसं आहे? शेंगदाण्याचं लोणी आहे झालं. आपण घरी काढू. आणि यांच्यात गूळ नाही, आपण गूळ घालू."

आजकाल माझी नात मिक्सरमध्ये बदाम घालते, बटण दाबते, आणि बदामाचं लोणी बरणीत भरून त्याचा फोटो काढते. पाच मिनिटांचा खेळ. त्या मशिनीच्या आवाजात माझा जीव नकोसा होतो, म्हणून मी बाल्कनीत जाऊन बसते. ती विचारते, "आज्जी, तुला नको?" मी म्हणते, दात नाहीत गं. लोण्याला दात कशाला लागतात, हे तिला अजून सुचलेलं नाही.

आमच्याकडे त्याला अख्खी सकाळ लागायची. बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेतून अण्णांनी पोतंभर शेंगा आणल्या होत्या, त्या आम्ही अंगणात बसून फोडायचो. मग लोखंडी कढईत मंद आचेवर दाणे भाजायचे. आई कढईपाशी कोणाला बोलू देत नसे, कारण दाणा तडकायला लागला की तो आवाज कानानं ऐकायचा असतो. वासावर गेलात तर उशीर झालाच म्हणून समजा. दाणे गरम असतानाच जुन्या पंच्यात बांधून रगडायचे, सुपात घेऊन पाखडायचे. लाल सालं अंगणभर उडायची आणि पुट्टम्मा ओरडायच्या, "अय्यो, माझं वाळवण!" नंतर रुब्बुगुंडू. म्हणजे आमच्याकडचं ते मोठं दगडी उखळ, ज्याच्यात वरवंट्यासारखा गोल दगड हातानं फिरवायचा आणि ज्यावर एरवी डोशाचं पीठ वाटलं जायचं. लोण्यासाठी ते आदल्या दिवशी धुऊन उन्हात तापवून ठेवावं लागे, कारण पाण्याचा थेंब जरी राहिला तरी लोणी सुटत नाही, नुसता गोळा होऊन बसतो. आई एका हातानं दगड फिरवायची आणि दुसऱ्या हातानं कडेचं मधे लोटायची. आधी कूट होई. मग त्याचे ओबडधोबड गोळे. इथं येऊन कोणालाही वाटेल की फसलं. मीही म्हणायची, "आई, झालंच नाही ते." "गप्प. फिरव." मी फिरवायची, दंड भरून यायचे, आणि मग कधीतरी हाताखाली काहीतरी सैल पडायचं. दाण्याच्या पोटातलं तेल सुटायचं आणि सगळा ऐवज एकदम चकाकायला लागायचा. आईच्या तोंडावर तेव्हा जे यायचं ते मी पुढं तिच्या तोंडावर फार वेळा पाहिलं नाही. शेवटी किसलेला गूळ. तो पडला की लोणी पुन्हा घट्ट व्हायचं, मग आई त्याचे लिंबाएवढे गोळे वळून बरणीत ठेवायची. सकाळी एक, शाळा सुटायच्या वेळी एक, जेवणानंतर एक. अक्का ते आवडीनं खायची. मला भांड्याची खरवड मिळायची, आणि मी तेवढ्यावर खूष असायची.

खरं म्हणजे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं. अक्काला तहान लागायची. तांबेच्या तांबे पाणी प्यायची, नळाला पाणी नसलं तर पुट्टम्मांकडून मागून आणायची. आई म्हणायची, "लोणी टाळूला चिकटतं ना, म्हणून शोष पडतो." अक्का सारखी मागे मोरीकडं जायची. एवढं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार. मोरीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागायला लागली, काळी, जाडजूड. आई राख टाकायची, रॉकेल शिंपडायची आणि माझ्यावर खेकसायची, "गुळाचे हात मोरीत धुतेस, दुसरं काय!" मी शपथेवर सांगायची की नाही धुतले. अक्काच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोड वास यायला लागला. पुट्टम्मा म्हणाल्या, पोरगी गूळ खाते, वास गुळाचाच येणार. मशिनीवर बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायचे, सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारायला लागली. अण्णा म्हणाले, बघा, मी सांगत नव्हतो, मशीन बंद करा. प्रत्येक गोष्टीचं उत्तर घरातच होतं, मग बाहेर कशाला विचारायला जायचं? आणि वजन उतरतंय म्हटल्यावर आईनं एकच केलं. गूळ वाढवला.

संक्रांतीच्या सुमाराला तुमकूरची आत्या पुन्हा येणार असा निरोप आला. आईनं त्या सकाळी मोठा घाणा काढला, माझ्या शाळेला बुट्टी पडली. अक्का उंबऱ्याला टेकून बसून बघत होती, तिला दगडाला हात लावायची आता ताकद नव्हती. आईनं पहिला गोळा तिच्या तोंडात घातला. तिनं तो चावला, गिळला, आणि थोड्या वेळात अंगणात जाऊन सगळं ओकली. आई तिची पाठ चोळत होती. अक्का तोंड पुसून म्हणाली, "आई, एवढं घोटलेलंस गं. वाया गेलं." आई म्हणाली, "जाऊ दे, दुसरा खा." आणि तिनं दुसरा खाल्ला. आईचं मन मोडायला नको म्हणून खाल्ला, हे मला तेव्हाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती हाक मारली तरी नीट ओ देईना. श्वास लांब लांब घ्यायची, मोठ्यानं, चढ चढून आल्यासारखा. अण्णांनी तिला उचललं आणि रिक्षात घातलं. आईच्या मांडीवर तिचं डोकं होतं, मी पायाशी अंग चोरून बसले होते. सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं, नळ्या लावल्या. आई खाटेपाशी बसली. बऱ्याच वेळानं एक डॉक्टर बाहेर आले, थकलेले, चिडलेले, आणि त्यांनी अण्णांना व्हरांड्यात बोलावलं. मी अण्णांच्या मागोमाग गेले. मला कोणी हाकललं नाही. डॉक्टर कन्नडमध्ये बोलत होते. रक्तात साखर मावत नाहीये म्हणाले. मधुमेह. इतक्या लहान वयाचा फार वाईट असतो. तहान लागत होती का, लघवीला जात होती का, मुंग्या येत होत्या का? अण्णा प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते. "काय खायला देत होता?" अण्णांनी सांगितलं. शेंगदाणे आणि गूळ. किती गूळ, तेही सांगितलं, खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणाले, "एवढा गूळ? मग विषच घातलंत की हो पोरीला." आणि ते आत गेले. माणूस कंटाळलेला असला की बोलून जातो. त्यांना ते वाक्य संध्याकाळपर्यंत आठवलंही नसेल.

अण्णांनी माझ्याकडे वळून माझं मनगट असं धरलं की वळ उठले. "नलू," ते म्हणाले, "आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये. हे कळलं तर ती जगायची नाही. शपथ घे." मी घेतली. दुपारी बारा वाजायच्या आत अक्का गेली. अण्णा आईला म्हणाले, "हृदय कमजोर होतं म्हणे तिचं. जन्मापासूनच. कुणाच्या हातात काही नव्हतं." खोटं बोलणं त्यांना जमत नसे असं मी आत्ताच लिहिलं. तेवढं एक जमलं.

दिवसकार्य उरकल्यावर अण्णांनी हातगाडीवाल्याला बोलावलं आणि ते दगडी उखळ गाडीवर चढवायला सांगितलं. आई आतून धावत आली. तिला आधी कळेचना काय चाललंय. कळलं तेव्हा तिनं दगडाला मिठी मारली. "माझ्या लेकीनं शेवटचं अन्न याच्यावरचं खाल्लंय. याला हात लावाल तर बघा!" अण्णा नुसते म्हणाले, "बरं, पुरे झालं," आणि तिचे हात सोडवले. पुट्टम्मा, बाकीचे शेजारी, सगळे बघत होते. गाडी गेली. अण्णा म्हणाले, "यापुढं या घरात शेंगदाणा येणार नाही." आई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "दगड तो नव्हता. दगड तुम्ही आहात. पोरीची आठवणही घरात नको झाली तुम्हाला." अण्णांनी ऐकून घेतलं. सदऱ्याला चिकटलेले दोरे त्या दिवसापासून त्यांचे त्यांनाच काढावे लागले. आई त्यांच्या सदऱ्याला हात लावायची नाही, आणि माझा हात पुढं व्हायचा नाही.

त्यानंतर आई त्यांच्याशी बोलली नाही. म्हणजे संसार चालला, डबा भरला जायचा, गौरी-गणपती व्हायचे, माझी नोकरी, माझं लग्न, सगळं रीतीनं झालं. पण बोलायचं ते माझ्यामार्फत. "नलू, तुझ्या अण्णांना सांग, वाढलंय." अण्णा तिथंच, हातभर अंतरावर बसलेले असायचे. ते म्हणायचे, "नलू, आईला सांग, भूक नाही." मी वैतागून म्हणायची, मी काय टपाल कचेरी आहे का? पाहुण्यांना गंमत वाटायची. सांगून टाकावं असं मनात अनेकदा यायचं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आई, अण्णा दगड नाहीत, विष तू घातलंस? अण्णांचं प्रेम सिद्ध करायला आईचा जीव घ्यायचा? मी शहाणीसुरती, चार माणसांत बोलणारी बाई, पण या एका हिशेबापुढं माझी मती चालत नसे.

एकदाच अण्णांनी तो विषय काढला. आम्ही दोघं मार्केटातून येत होतो. फुटाण्याच्या भट्टीपाशी दाणे भाजले जात होते, तो वास आला आणि अण्णा थांबले. रस्त्यात, गर्दीत. "नलू, त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले होते गं? तू होतीस ना. मी नीट ऐकलं का, कुणास ठाऊक." मी म्हातारपणाकडं झुकलेल्या माझ्या बापाच्या तोंडाकडं पाहिलं. "मला नाही आठवत, अण्णा. मी लहान होते." "बरं झालं," ते म्हणाले, आणि चालायला लागले. ते गेले तेव्हा आईनं सगळं विधिवत केलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. नातेवाईक कुजबुजले, त्यांना वाटलं धक्का बसलाय.

आई नंतर माझ्याकडे बनशंकरीला राहायला आली. फार म्हातारी झाली होती, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. पायाची जखम भरेना म्हणून तिला आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची, हसरी, आज्जी आज्जी करणारी. रक्त तपासलं, शुगर निघाली. "घाबरायचं नाही आज्जी," ती कन्नडमध्ये म्हणाली, "या वयात पुष्कळांना असते. मला सांगा, तहान फार लागते का? सारखं बाथरूमला जावं लागतं का? वजन उतरलं? मोरीत मुंग्या वगैरे?" मी काहीतरी बोलून विषय बदलणार, तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "मला नाही. माझ्या मुलीला होतं हे." डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. "ही नव्हे. थोरली. गेली ती, लग्नाआधीच." आणि मग, एकेक आठवून, तिनं सांगितलं. तहान. मोरी. मुंग्या. तोंडाचा वास. भूक लागायची आणि अंगाला लागायचं नाही. शेवटचा तो श्वास. शेवटी ती स्वतःच थांबली. "मी तिला गूळ घालत होते," ती म्हणाली. "शेंगदाण्याच्या लोण्यात. रोज. भरपूर."

मी आईचा खांदा धरला. वाटलं, संपलं. अण्णांनी जन्मभर जिच्यापासून हे लपवलं तिच्यापुढं ते शेवटी येऊन उभं राहिलंच. "डॉक्टर," आई म्हणाली, "मी गूळ नसता घातला, तर वाचली असती का माझी पोर?" ती डॉक्टर पोरगी खुर्ची पुढं ओढून आईच्या अगदी जवळ बसली. "नाही आज्जी. त्या वयात जो होतो तो वेगळा असतो. तिच्या अंगात इन्सुलिनच तयार होत नव्हतं. तुम्ही तिला गूळ नसता दिला, नुसती भाकरी दिली असती, तरी इंजेक्शनाशिवाय ती राहिली नसती. गुळानं थोडं आधी झालं असेल, नसेलही. पण ती तुमच्या लोण्यानं नाही गेली. हे नक्की."

आईनं हे ऐकलं. पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. तिचा खांदा माझ्या हाताखाली सैल पडला आणि मला वाटलं, सुटलो, देवा, सुटलो आम्ही. मग तिनं मान वळवली. "नलू. अण्णांना ठाऊक होतं?"

"त्यांना त्या डॉक्टरांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "गुळानंच गेली म्हणून. तुला कळू नये म्हणून..."

"म्हणून तो दगड."

"हो."

दारात पुढचा पेशंट येऊन उभा राहिला होता. मग आईनं त्या पोरीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि कन्नडमध्ये म्हणाली, "हे तेवढं आमच्या यजमानांना कुणीतरी सांगायचं होतं गं. असं समोर बसवून, आत्ता मला सांगितलंस तसं." आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. "माझ्याशी बोला हो. माझ्याशी बोला, मला आता कळलं हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती पोरगी गोंधळून माझ्याकडं बघत होती, कारण हे शेवटचं आई मराठीत म्हणत होती, आणि या खेपेला तिनं मला अण्णांना काही सांगायला सांगितलं नव्हतं.